नाव कुणाचं लिहू?

त्यांनी वेळ नेमकी माझ्या पूजेची निवडली, याचा मला अजून राग येतो.

चातुर्मासात माझा नेम असे. आंघोळ झाली की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुवेतला, मंगफमधल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्वदच्या ऑगस्टमधल्या त्या सकाळी चौथ्या मजल्यावरचे रामभाऊ आणि खाली किराणा मालाचा बकाला चालवणारे अकबरभाई आमच्याकडे येऊन बसले, तेव्हा घरातली बाई तासभर बोलणार नाही, हे ते जाणूनच आले होते.

इराकी फौज कुवेतमध्ये शिरून तीन आठवडे झाले होते. फोन बंद, बँका बंद. शेजारच्या अबू हलीफाला एका भारतीय कुटुंबाच्या घरात गणवेशातले चौघे शिरले आणि टीव्हीपासून बाईच्या कानातल्यांपर्यंत सगळं घेऊन गेले. तेव्हापासून आमच्या पुरुषांच्या डोक्यात रायफल बसली होती. साधीसुधी नाही, सेमी-ऑटोमॅटिक. रामभाऊ हा शब्द असा उच्चारत, की साताऱ्याला त्यांच्या घरी तीन पिढ्या तीच वापरात असावी.

प्रश्न एवढाच होता, की ती विकत घ्यायची की घरी बनवायची. अकबरभाईंच्या दुकानात ब्रेड न्यायला येणारा एक शिपाई आपली रायफल विकायला तयार होता. पण अकबरभाईंना धास्ती होती. आज विकणाऱ्याला उद्या पक्कं माहीत असणार, ती कुठल्या इमारतीत आहे. तोच चौघांना घेऊन आला तर? मग रामभाऊंनी आमच्या यांच्याकडे मोर्चा वळवला. हे तेलकंपनीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर. वर्कशॉपची किल्ली यांच्याच खिशात. उदयरावांनी मनात आणलं तर लेथवर काय निघणार नाही, असं रामभाऊ म्हणाले, आणि आमचे हे फुलले. माझ्या उपासांच्या खुणा असलेलं कॅलेंडरचं पान त्यांनी टरकन फाडलं आणि पाठीमागे पेन्सिलीने काहीबाही काढायला लागले.

मी चंदन उगाळत होते. सहाण खोडाखाली कुरकुरत होती. कदाचित मीच जास्त दाबत असेन.

मी नर्स. आदल्या गुरुवारी आमच्या वॉर्डात एका माणसाला आणलं होतं. घरात पिस्तूल सापडलं, म्हणून त्याला त्याच्याच दारात, बायको-आईसमोर गोळी घातली होती. आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चेहरा तेवढा मी पुसला, कारण आई बघायला येणार होती. घरी येऊन हे सगळं मी यांना सांगितलं होतं. यांनी ऐकून घेतलं होतं. आणि आता ते पेन्सिलीला टोक करत होते.

तासाभराने त्यांचं ठरलं. नवी बनवण्यात फार दिवस जातील, त्यापेक्षा शिपायाची घ्यायची. तिचं काहीतरी अडकत होतं म्हणे, ते हे दुरुस्त करणार. मग ठेवायची कुठे, यावर रामभाऊ म्हणाले, की वहिनींच्या देव्हाऱ्याखाली ठेवू, देवाला शिपाई हात लावणार नाहीत.

"काय वहिनी?" त्यांनी मान वळवून विचारलं. मी दुर्वा निवडत होते. "चला, वहिनींची हरकत नाही."

मी घाई केली नाही. उलट त्या दिवशी जरा सावकाशच नैवेद्य दाखवला. पाणी फिरवलं, नमस्कार केला, हात पुसले. मग पेन आणि कागद घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसले.

"देवाखाली ठेवा," मी म्हटलं. "फक्त तिच्याबरोबर मी एक चिठ्ठी ठेवणार. बंदूक कुणाची, त्याचं नाव. सापडली तर इमारतीतले सोळाही पुरुष भिंतीशी उभे करायला नकोत. एकालाच न्या म्हणावं. नाव कुणाचं लिहू?"

रामभाऊ हसले. ती सगळ्यांची आहे, असं म्हणाले. मग सगळ्यांची नावं सांगा, मी म्हटलं, आणि तुमच्यापासून सुरुवात करा. तेव्हा त्यांना आपल्या दोन मुली आठवल्या, ब्लडप्रेशर आठवलं, साताऱ्याची म्हातारी आई आठवली. अकबरभाई सतरंजीकडे बघत राहिले.

"माझं लिही," हे म्हणाले.

माझा हात कागदावर थांबला. मला वाटलं होतं, कुणीच नाव देणार नाही आणि विषय संपेल. सोळा वर्षांचा संसार करून मला एवढंही कळलं नव्हतं, की या माणसाला चारचौघांत मागे हटता येत नाही.

तेवढ्यात रामभाऊंनी श्वास सोडला. चांगला मोठा, पोटातून आलेला. त्यांनी थंड झालेला चहा ओढून घेतला आणि त्यात बिस्कीट बुडवलं.

"वा, उदयराव. मिटला बघा प्रश्न."

हे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कुणाचा मिटला, रामभाऊ?"

"म्हणजे, वहिनींना एक नाव हवं होतं ना..."

"हो. आणि तुम्हाला ते माझं चाललं."

यांनी कॅलेंडरचं पान उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर धरलं. परत येऊन अकबरभाईंना म्हणाले, त्या शिपायाला ब्रेड द्यायचा तेवढा द्या, पण त्याच्याकडून काही घेऊ नका. खालच्या दाराला आतून आडवा टाकायला गच्चीवरचा लोखंडी पाइप चालेल. दोघादोघांनी पाळीपाळीने दाराशी बसायचं, ओरड झाली की सगळ्यांनी खाली यायचं. पहिली पाळी माझी, अकबरभाई म्हणाले. रामभाऊंनी सांगितलं, की खाली एसी नसल्याने आपल्याला बसणं जमेलसं वाटत नाही.

पाइप जड होता. पुढे हे, मागे अकबरभाई, आणि जिन्याच्या वळणावर तो अडकायला लागला तेव्हा मधे मी खांदा दिला. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. पदराची घडी मधे घेतली, तरी चटका लागत होता. चौथ्या मजल्यावर रामभाऊ दारात उभे होते.

"जपून हं, वहिनी," ते म्हणाले. "भिंतीचा रंग जाईल."