चौदा नंबरच्या पोर्टचे आकडे

मी स्विच बोलतोय, नेटवर्कमधला, कॉम्प्युटरांचे निरोप पोचवणारा. भिंतीवर शोधू नका, तिथला नव्हे मी. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या सर्व्हरच्या पोटात राहतो. मी नुसता सॉफ्टवेअरचा; मला ना डबा, ना दिवा. २०११ साली कल्याणी नावाच्या नव्या इंजिनीअरने माउसच्या चार क्लिकमध्ये मला जन्माला घातलं.

त्या एकाच सर्व्हरमध्ये वीसेक आभासी कॉम्प्युटर बिऱ्हाड करून होते. प्रत्येकाला मी एक पोर्ट दिला होता, म्हणजे ये-जा करायचं दार. कोणाचा निरोप कोणत्या दारात टाकायचा, हे मला तोंडपाठ. बाहेर जायला दोन केबल. एकीतून आत आलेला निरोप दुसरीतून बाहेर सोडायचा नाही, हा माझा नेम. म्हणून निरोप गोल गोल फिरत बसत नसे. बाहेरच्या लोखंडी स्विचना त्यासाठी आपसात विचारपूस करून एखादी वाट बंद ठेवावी लागे. मला त्यांचं हसू यायचं. फार शेफारलो होतो हो.

त्याच वर्षी एका गुरुवारी कल्याणीने एका कॉम्प्युटरला तेरा आणि चौदा असे दोन पोर्ट दिले. एक बंद पडला तर दुसरा असावा, म्हणून ते आतून जोडून टाकले. झालं! सगळ्यांसाठी असलेला एक निरोप तेरातून गेला, तो चौदातून परत माझ्याकडे. घरच्या बिऱ्हाडकरूवर संशय घ्यायला मी शिकलोच नव्हतो. मी तो पुन्हा सगळ्यांना वाटला, तेरालाही. बघता बघता लाखो निरोप फिरू लागले आणि अख्ख्या मजल्याचं नेटवर्क ठप्प झालं.

त्याच सकाळी समाधानने मजल्यावरच्या केबल बदलल्या होत्या. खडकीचा, अबोल, प्रत्येक केबलला चिठ्ठी लावणारा माणूस. सहा वर्षं कंत्राटावर. महिनाअखेरीस त्याला कायम करायचं ठरलं होतं. आमच्याकडे नेटवर्क पडलं की आधी केबलवाल्याला धरतात. मॅनेजर साईनाथ सरांनी त्याला नवी केबल उपटायला लावली. तेवढ्यात कल्याणीला स्वतःची चूक दिसली आणि तिने तो जोड गुपचूप सोडवला. दोन्ही एकदमच झालं. नेटवर्क सुरू झालं आणि दोष केबलवर आला.

"केबलची दोन टोकं ओळखता येत नसतील, तर उद्यापासून त्रास घेऊ नका," साईनाथ सर म्हणाले.

समाधान कल्याणीकडे वळला. "मॅडम, तुम्ही तरी सांगा ना. मी तपासूनच लावली होती."

कल्याणी स्क्रीनकडे बघत राहिली. तिचीही नोकरी अजून पक्की व्हायची होती.

चौदा नंबरमधून किती निरोप उलटे आले, तो आकडा माझ्याकडे होता. कोणी पाहिला असता तर समाधान सुटला असता. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. संध्याकाळी कल्याणीने हुकूम दिला, पोर्ट चौदा काढून टाक. मी काढला, आकड्यांसकट. एकदा तरी अडायला हवं होतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

येत्या शुक्रवारी हा जुना सर्व्हर कायमचा बंद करणार आहेत. तुमच्यापैकी कोणी खडकीला जाणार असेल, तर समाधानला शोधा. त्याला सांगा, तुझी केबल बरोबर होती. त्याने पुरावा मागितला, तर मात्र खाली बघा. तो मी पुसलाय.