ऐंशी घोड्यांची वरात

माधवराव सबनिसांना लखनौची हवा चांगलीच मानवली होती. वाई सोडून वीस वर्षं झाली. एका सरकारी कारखान्यात ते धातूंचे नमुने तपासत, आणि जगातली कुठलीही अडचण कानशीने घासली की सरळ होते, अशी त्यांची श्रद्धा होती. तशीच श्रद्धा दारातल्या पिकअपवर. छपन्न सालची ती गाडी त्यांनी लिलावात घेतली, तेव्हा शेजारीपाजारी हळूच हसले होते. माधवरावांनी मनावर घेतलं नाही.

"इंजिनात घोडे ऐंशी आहेत," ते सांगत. "जरा म्हातारे झालेत, एवढंच."

मग त्यांच्या हेमाचं लग्न ठरलं. हेमा बँकेत होती, आणि मुलगा, सुधांशू अवस्थी, तिच्याच शाखेतला, सरोजिनी नगरचा. अवस्थी मंडळी भली होती. अडचण होती ती वाईहून आलेल्या सुलभाताईंची. आई लवकर गेल्यामुळे या थोरल्या बहिणीनेच माधवला न्हाऊमाखू घातलं, बखोट धरून शाळेत नेलं. तिच्या हातच्या अक्षता पडल्या नाहीत, तर लेकीचं लग्न लागलं असं त्यांना वाटलंच नसतं. ताईंनी मुलाला नीट पारखून घेतलं. नावं ठेवायला जागा सापडेना, तेव्हा त्या मुहूर्तावर आल्या.

"मुलगा चांगलाय. पण इकडच्या वराती म्हणे जेवणं निवल्यावर पोचतात. मला ते चालायचं नाही. गोरज मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला तर मी अक्षता टाकीन. नाहीतर मागे बसून राहीन, आणि सकाळच्या गाडीने वाईला."

"ताई, नवरदेवाला आणायला माझी गाडी जाणार आहे."

ताईंनी खिडकीतून पिकअपकडे पाहिलं. "ही?"

"हीच."

ताईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं, आणि तेच माधवरावांना लागलं. आता माघार नव्हती. मुलाच्या वडिलांना, अवस्थीजींना, त्यांनी त्याच दिवशी शब्द दिला, "समधीजी, आप एक घोड़ी लाते, मैं अस्सी घोड़े ला रहा हूँ." अवस्थीजींना कल्पना फार आवडली. मागच्या हौद्यात फुलांचं सिंहासन करायचं, त्यावर सुधांशू आणि चार काका बसणार, असं ठरलं. चारही काका खात्यापित्या घरचे होते. आणि वाटेत रेल्वेचा पूल होता. तो चढताना रिकामी पिकअपसुद्धा अशी धापा टाकायची की सायकलवाले पुढे जाऊन मागे वळून बघत.

लाटूश रोडवर मुश्ताक मियाँचं गॅरेज होतं. गाडीला हात लावण्याआधी माणसाला चहा पाजायचा, ही त्यांची रीत.

"नया इंजन डलवाइएगा, माधव बाबू?"

"नवं कशाला, मियाँ? इसी में से निकालेंगे."

निकालेंगे म्हणजे काय, ते माधवरावांनी कपबशी बाजूला सारून समजावलं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खालून जरासं घासून घ्यायचं, म्हणजे आतली हवा आणि पेट्रोल जास्त दाबलं जाईल आणि धडाका वाढेल. व्हॉल्व्ह घासून नीट बसवायचे, गळती बंद. जुन्या बाजारातून मोठा कार्बोरेटर आणायचा. सायलेन्सरचा वाकडातिकडा पाइप काढून रुंद, सरळ पाइप टाकायचा, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेता येईल. मग ठिणगी एक केसभर लवकर पाडायची. खर्च थोडा आणि काम भरपूर, ही योजना माधवरावांना मनापासून आवडली. मियाँनाही आवडली. फक्त हेड किती घासायचं यावरून दोघांत जुंपली. मियाँ म्हणत थोडं आणखी, माधवराव म्हणत बास, नाहीतर इंजिन खटखटेल. माधवरावांनी कारखान्यातली मोजपट्टी आणून आपलंच खरं केलं.

पंधरवड्यात गाडी रस्त्यावर आली. वाळूची पोती आणि वर मुश्ताक मियाँ, एवढं वजन घेऊन ती रेल्वेचा पूल एका दमात चढली. तिसरा गिअर बदलावासुद्धा लागला नाही. पुलाच्या माथ्यावर माधवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. घरी आले तेव्हा हात काळे आणि चेहरा उजळलेला. हेमा हसून म्हणाली, "बाबा, शादी मेरी है कि गाड़ी की?"

लग्नाच्या दुपारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सुधांशू आणि चार काका सिंहासनावर, पुढे माधवरावांशेजारी मुश्ताक मियाँ, आणि कानपूर रोडवर गाडी अशी निघाली की काकांनी पगड्या हातात घेतल्या. पूल कधी आला आणि कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. अमीनाबादच्या तोंडाशी ते पोचले तेव्हा मुहूर्ताला तासाभराहून जास्त वेळ होता. लग्नाचं कार्यालय शंभर-दोनशे पावलांवर. घोडं गंगेत न्हालं, असं माधवराव मनात म्हणाले.

तिथे बँडवाले उभे होते, आणि अवस्थीजींसह बाकीची मंडळीही.

वीस वर्षांत माधवरावांनी लखनौत लग्नं खूप जेवली होती, पण ऑफिसातून थेट पंगतीला. बारातीबरोबर ते कधी चालले नव्हते. आपल्याकडे वरात लग्न लागल्यावर निघते, तेव्हा घाई कसली? इथे ती आधी निघते, आणि तिलाही घाई नसते, हे त्यांच्या हिशेबातच आलं नव्हतं. ढोल वाजला आणि सुधांशूचे मित्र बॉनेटपुढे नाचायला लागले. दहा पावलं झाली की थांबायचं, गोल करायचं, कोणा मामाला ओढायचं. ऐंशी घोडे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत उभे होते. माधवरावांनी हॉर्न वाजवला. पोरांना ताल सापडला, ती आणखी जोरात नाचली.

"मियाँ, ये कब तक चलेगा?"

"माधव बाबू, अब तो शुरू हुआ है."

"मग तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"आपने पूछा था, गाड़ी दौड़ेगी? दौड़ती है. दौड़ने कौन देगा, ये तो आपने पूछा ही नहीं."

ऊन उतरलं. अर्धा रस्ताही झाला नव्हता. कार्यालयाच्या दारात जांभळं लुगडं दिसत होतं. ताई दारातच येऊन उभ्या होत्या, अक्षतांचं तबक हातात, नजर आभाळाकडे. माधवरावांनी घड्याळ पाहिलं. पंधरा दिवस घासघासून वाढवलेली ताकद हाताशी होती आणि तिचा कवडीचा उपयोग नव्हता. ही माणसं कशानेही हलणार नाहीत, त्यांचे हात रिकामे आहेत तोवर नाचतीलच, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं.

त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद.

खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडलं आणि मयताला आल्यासारखं तोंड केलं. मुश्ताक मियाँ आत डोकावले, सगळं ठाकठीक पाहिलं, माधवरावांकडे पाहिलं, आणि लखनौच्या माणसाला साजेसा लांब उसासा टाकत म्हणाले, "अल्लाह... इंजन बैठ गया."

बँड थांबला. सुधांशू उतरायला निघाला तर अवस्थीजी ओरडले, "बैठे रहो! दरवाज़े की पूजा से पहले दूल्हे का पाँव ज़मीन पर नहीं पड़ेगा." म्हणजे एकच उपाय उरला.

"धक्का लगाओ," माधवराव म्हणाले, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

नाचणारे सगळे हात गाडीला लागले. सिंहासन, नवरदेव आणि चार काका जागचे हलायला वेळ लागला, पण एकदा चाकं फिरली तशी पोरांना चेव आला. धक्का देताना कोणाला नाचता येत नाही. "ज़ोर लगा के!" म्हणत ती पळायला लागली. मागे पडू नये म्हणून बँडवाले वाजवत पळाले, त्यांच्यामागून अवस्थीजी धोतर सावरत. अमीनाबादचे दुकानदार गल्ले सोडून बघायला आले. माधवरावांना फक्त ब्रेक सांभाळायचा होता. कार्यालयाच्या दारात त्यांनी तो अलगद दाबला, तेव्हा पश्चिमेला आभाळ नुकतं गुलाबी झालं होतं.

दारातली पूजा झाली, मंगलाष्टकं झाली, आणि गोरजावर अंतरपाट दूर झाला. पहिली मूठ ताईंची होती. ती इतक्या जोरात आली की सुधांशूने डोळे मिटले. माधवरावांनी खांबाआड जाऊन चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी ताईंना स्टेशनवर सोडायला रिक्षा आली. ताईंनी ती परत पाठवली आणि पिकअपमध्ये पुढे चढून बसल्या.

"चालव. बघू तुझे घोडे."

माधवराव घुटमळले. मग चावी फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. सिंहासनाची उरलेली फुलं मागे उडत राहिली. भर वजनाचा एक ट्रक पिकअपने सहज मागे टाकला. ताई पदर धरून समोर बघत होत्या. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा त्या बोलल्या.

"शाळेत जायचं नसलं की पोट धरून असाच आडवा व्हायचास."

माधवरावांनी उगाचच गिअर बदलला.

"तेव्हाही मला कळायचं, माध्या," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "गाडी छान केलीस. आणखी एक चक्कर मार. माझ्या गाडीला वेळ आहे."