फेझमधली तोंडी परीक्षा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, आमच्या अपार्टमेंटमध्ये, माझे रूममेट अतुल आणि श्रीरंग मला अजून ‘शेख’ म्हणतात. म्हणोत बापडे! चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीने अरबी शिकायला मोरोक्कोतल्या फेझ शहरात धाडलं ते मला. हे दोघं इथे लायब्ररीत पुस्तकं रचत बसले होते.

मी मूळचा साताऱ्याचा, इतिहासाचा विद्यार्थी. जुन्या अरबी व्यापाऱ्यांवर पीएच.डी. करायची, म्हणून अरबी. फेलोशिपची अट एकच होती: उन्हाळ्याच्या शेवटी तोंडी परीक्षा पास व्हायची. नापास झालो की फेलोशिप बंद, फेलोशिप बंद की व्हिसा बंद, आणि प्रसन्नराव सामानासकट साताऱ्याला.

एवढी टांगती तलवार डोक्यावर असताना शहाण्या माणसाने अभ्यास केला असता. मी फिरत होतो. सकाळचा वर्ग सुटला की गळ्यात कॅमेरा अडकवून जुन्या शहरात घुसायचं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर आपण पालीसारखं भिंतीला चिकटायचं. चामडं रंगवायचे हौद पाहिले, नक्षीच्या फरशांचे मदरसे पाहिले, एकाच कारंज्याचे चार बाजूंनी फोटो काढले.

“ऐकून ऐकून भाषा येते गं,” असं मी दीपाला सुनवायचो. दीपा आमच्याच वर्गात होती. जन्म न्यू जर्सीतला, आईवडील ठाण्याचे. ती खोलीत बसून घोकायची आणि म्हणायची, “यू आर जस्ट अ टूरिस्ट, प्रसन्न.” आगाऊ कार्टी! पण खोटं काय बोलली? उन्हाळा सरत आला तरी मला पुदिन्याचा चहा मागण्यापलीकडे फारसं येत नव्हतं.

परीक्षा अशी होती की आमच्या म्हाताऱ्या गुरुजींना शहर दाखवायचं, सगळं अरबीतून बोलून. गुरुजींचं नाव सी तय्यब. ‘सी’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’. मी जुन्या मशिदीचा इतिहास पोपटासारखा पाठ केला होता. दीपा आदल्या दिवशीच पास झाली होती आणि आता माझी फजिती बघायला हजर होती.

शहराच्या निळ्या वेशीपाशी सी तय्यब म्हणाले, “चला, सुरू करा.” आणि पाठांतर साफ उडालं. एक शब्द आठवेना. आता परीक्षेला निघताना आपण काय करतो? मोठ्यांच्या पाया पडतो. मला न विचारताच माझी कंबर वाकली. ही खोड जुनीच. स्टेट कॉलेजला पहिल्या परीक्षेआधी मी असाच माझ्या पीएच.डी.च्या गाईडच्या पायाशी वाकलो होतो. माझी कॉन्टॅक्ट लेन्स पडली असं समजून तो भला माणूसही खाली बसून शोधायला लागला होता.

सी तय्यब मात्र ओरडून मागे उडाले. त्यांची पिवळी सपात माझ्या हातात राहिली.

झालं! जत्रा जमली. गाढववाला थांबला, पुदिना विकणारी म्हातारी टोपली घेऊन उठली. भर रस्त्यात माणूस पाय धरतो म्हणजे मोठाच अपराध केला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. “माफ करा हो पोराला!” म्हातारी म्हणाली. “जाऊ द्या, लेकरू आहे!” गाढववाला म्हणाला.

“अहो, त्याने काही केलेलं नाही!” सी तय्यब घामाघूम झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आम्ही अल्लाखेरीज कोणापुढे वाकत नाही. हे काय होतं ते यांना सांग. तीच तुझी परीक्षा.”

हातात सपात धरून मी सुरू झालो. तुटकं, फुटकं, बाजारात कानावर पडलेलं. आमच्या देशात आईच्या पाया पडतात. बापाच्या. गुरूच्या. चांगलं व्हावं म्हणून. दीपा थक्क होऊन बघत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मी आणखी चढलो.

“आईच्या पाया कधी पडलास?” म्हातारीने विचारलं.

“तीन वर्षं झाली. अमेरिकेला निघताना.”

“अरे देवा! मग आता पास झालास की आईकडे जाशील ना?”

“नाही. पास झालो तर अमेरिकेत राहीन. नापास झालो तर आईकडे.”

मग म्हातारीने सी तय्यबांची बाही धरली. “ऐकलंत ना? नापास करा याला! आई वाट बघतेय.”

“करा, करा!” गाढववाल्याने री ओढली. मग काय, अख्खी वेस माझ्या नापास होण्यासाठी रदबदली करू लागली. सगळे हसत होते. मीही हसत होतो.

सी तय्यब हसत नव्हते. त्यांनी सपात पायात घातली. “अरबी तुला आली,” ते म्हणाले. “आता तूच सांग. काय लिहू?”

आई माझ्या डोळ्यांसमोर आली, शप्पथ. दारात उभी होती, निघालो तेव्हा होती तशीच.

“पास लिहा,” मी म्हणालो. एका दमात, न अडखळता.

म्हातारीने बाही सोडली आणि ती टोपलीपाशी जाऊन बसली. मी तिच्याकडे पुदिन्याची जुडी मागितली, तर तिने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला आधी दिली.