लक्षणांचा रकाना

बाबा तीस वर्षं कोर्टात कारकून होते. कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही, आणि खाडाखोड केली की शेजारी सही हवीच. घरातही तोच खाक्या. मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून आई गेली तेव्हा त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. नऊ वर्षं मी त्यांचं नाव टाकलं होतं.

मग एका सकाळी तेच माझ्या दारात उभे. ढसाढसा रडत म्हणाले, "तुला आईचं तोंड पाहू दिलं नाही. चुकलो गं, माफ कर."

मी "आत या" एवढंच म्हणाले.

मी मेंदूचे स्कॅन काढते. माणूस असा एकाएकी बदलला की मला आधी मशीन आठवतं. आठवड्याभरात त्यांना आमच्याच टेबलावर झोपवलं. कपाळामागे लिंबाएवढी गाठ निघाली. फॉर्मवर लक्षणांच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: स्वभावात बदल. रडतात. मुलीची माफी मागतात.

सर्जन म्हणाले, "गाठ काढली की बहुधा पूर्वीसारखे होतील." पूर्वीसारखे म्हणजे कसे, ते मला विचारा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी माझा हात धरला. "माफ केलंस ना?"

"बरे व्हा, मग बोलू," मी म्हणाले. गाठीला कसली माफी द्यायची? खरं तर मला राग होता, आणि तो मी शास्त्राआड लपवला.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी भुवई चढवून म्हणाले, "उशीर केलास." आले आपले बाबा, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. माफी मागणारे बाबा गेले होते, आणि मी त्यांना उत्तरही दिलं नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी सहीसाठी फाइल आली. न वाचता सही करतील तर ते बाबा कसले. एकेक पान उलटत ते त्या फॉर्मपाशी थांबले.

"अक्षर तुझं?"

"हो."

"मी माफी मागितली? कशाबद्दल?"

"आईला शेवटचं पाहू दिलं नाहीत म्हणून."

'मुलीची माफी मागतात' ही शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचली. डोळे कोरडेच होते.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. मग माझ्या खिशातलं पेन घेऊन त्यांनी शेवटच्या ओळीवर सरळ रेघ मारली.

"हे लक्षण नाही. चुकीच्या रकान्यात लिहिलंयस."

आणि शेजारी सही केली.