चार नवे सेल

शनिवार, १५ मार्च १९८६. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टिळकवाडीतले गायनशिक्षक रायगोंडा पाटील यांनी टेपरेकॉर्डरमध्ये चार नवे सेल घातले आणि एक कॅसेट लावली. वीज नव्हती. ही कॅसेट त्यांनी एकदा थोडी ऐकली होती. पुन्हा ऐकायची त्यांची इच्छा नव्हती.

समोर तानुबाई बसल्या होत्या. निपाणीच्या वखारीत त्या तंबाखू चाळतात. कॅसेट त्यांनीच पिशवीतून आणली होती.

त्यांची मुलगी विशाखा बेळगावात शिक्षिका होण्यासाठी शिकते, शेवटचं वर्ष. कॅसेट तिच्या भावानं मुंबईहून पाठवलेली. हेवी मेटल या कर्कश गिटारींच्या संगीताचा, पंधरा वर्षांपूर्वी परदेशात गाजलेला अल्बम. एक मार्चला वसतिगृहात तो वाजत असताना एक मुलगी बेशुद्ध पडली आणि कॅसेटमध्ये भूत बोलतं अशी बोलवा झाली. तीन मार्चला प्राचार्यांनी जाणकार म्हणून पाटलांना बोलावलं. त्यांनी आठ मिनिटं ऐकून लिहून दिलं : ‘हा आवाज माणसाचा वाटत नाही.’ त्या ओळीवर विशाखाला वसतिगृहातून काढलं, परीक्षेचं हॉल तिकीट अडवलं. पहिला पेपर सोमवारी साडेदहाला होता.

“मास्तर, आठ मिंटांत माझ्या पोरीचं वरीस घालवलंसा,” दारातच तानुबाई म्हणाल्या होत्या. “आता समदं ऐका. मी बसत्या हितंच.”

गिटारी सुरू झाल्या. आतून पाटलांच्या पत्नी पद्मावतीबाई आल्या.

“दार तरी लावा. लोक म्हणतील, पाटील सरांनी शिकवणी मोडून गिरण घातली.”

“आमच्या वखारीतली यंत्राची चाळणी अशीच कोकलती, आक्का,” तानुबाई म्हणाल्या. “तिनं अजून कुणाला झपाटलं न्हाय.”

मग गायक गाऊ लागला आणि पाटलांनी हात वर करून दोघींना थांबवलं.

आवाज उंच होता. पातळ, तार सप्तकात चढणारा, तरण्या माणसाचा. तीन मार्चला ऐकला तो खोल, ओढलेला, घशात दगड असल्यासारखा होता. पाटलांनी कॅसेट काढून स्वतःच्या रियाजाची लावली, शेजारी सूरपेटी धरली. स्वर जुळला. यंत्र बरोबर चालत होतं.

“त्या दिवशीही वीज नव्हती,” ते सावकाश म्हणाले. “कॉलेजच्या शिपायानं हातातल्या बॅटरीतले जुने सेल काढून टेपमध्ये घातले. फीत रेंगाळत होती, म्हणून आवाज खाली उतरला.”

“आन् तुमास्नी कळलं न्हाय?”

“ओळखीचं गाणं असतं तर पहिल्या ओळीला कळलं असतं. हे असंच असणार, असं मी धरून चाललो.”

पाटलांनी दोन्ही बाजू ऐकल्या. एकदा कपाळ दाबून धरलं, पण टेप बंद केला नाही. मग लिहिलं : ‘हे संगीत मला आवडत नाही. आज पूर्ण ऐकूनही आवडलं नाही. परंतु आवाज माणसाचा आहे आणि सुरात आहे. तीन मार्चचा माझा अभिप्राय चुकीचा असून मी तो मागे घेतो.’

कॉलेजची कचेरी शनिवारी एकला बंद होते. सायकलवरून ते बारा अठ्ठेचाळीसला पोचले. हेडक्लार्क कल्लाप्पांनी कागद दोनदा वाचला.

“सर, आधी भूत म्हणालात. आता न्हाय म्हणताय. सोमवारी काय म्हणणार?”

“भूत मी म्हणालो नव्हतो.”

“माणूस न्हाय म्हणालात. मग उरतंय कोण?”

“हॉल तिकीट द्या, कल्लाप्पा.”

“ते प्राचार्य सायबांच्या कपाटात. किल्ली सायबांच्या खिशात. सायब साडेबाराला धारवाडला गेलं.” त्यांनी कागदावर आवक शिक्का मारला. “मी एवढंच करू शकतो.”

रविवारी सकाळी पाटलांनी प्राचार्यांना धारवाडला तार केली. उत्तर आलं नाही. दुपारी चारपासून तानुबाई आणि विशाखा प्राचार्यांच्या घराच्या फाटकापाशी बसून आहेत. पाटीलही तिथं सायकल लावून उभे आहेत. विशाखा मांडीवर वही घेऊन सोमवारचा विषय वाचते आहे. संध्याकाळी सहापर्यंत प्राचार्य परतलेले नाहीत.