विक्रीचा आकडा

त्या सोमवारी काकासाहेबांनी आपली खुर्ची फिरवली आणि चारुताकडं पाठ केली.

सहा वर्षं उल्कानगरीतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात काकासाहेब बसायचे ते चारुताच्या टेबलाकडं तोंड करून. करमाडकडची त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा आलेला पैसा त्यांनी बंगल्यागाड्यांत न घालता शेअर बाजारात लावला, आणि तो सांभाळायला चारुताला बोलावून घेतलं. त्याआधी बारा वर्षं ती एका दलालाच्या शाखेत ऑर्डरी टाकायची. भावाचा आलेख नुसता बघून ‘आता हा थकला’ असं सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बाजार उघडायच्या आधी काकासाहेब रोज विचारायचे, “काय म्हणता ताई, घ्यायचं का?” ती ‘हं’ म्हणाली की घ्यायचे. पाहुणा आला की कौतुकानं सांगायचे, “या ताईंची नजर लई तेज. भावाच्या पोटातलं दिसतं यांना.”

आता त्यांचं तोंड तनुजाच्या टेबलाकडं होतं.

तनुजाला आणलं होतं चारुतानंच. कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली, सव्वीस वर्षांची, शहरातल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. महिन्याचे तक्ते करायला मदतनीस हवी होती, एवढंच. पण पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “मॅडम, शेअर थकला म्हणता, ते नेमकं कशावरून?”

“कळतं.”

“पण काय कळतं? सांगा ना, मी लिहून घेते.”

आणि चारुतानं सांगितलं. दोन महिने सांगत राहिली. इतकं मन लावून तिचं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. घरी नवरा वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की जेवून झोपायचा. भाव वर जात असतो तेव्हाच त्याचा जोर ओसरायला लागतो, भाव मागून पडतो, हे तिनं तनुजाला शेकडो आलेखांवर दाखवलं. तनुजाचे वडील कन्नडच्या घाटात प्रवासी जीप चालवायचे. ती म्हणाली, “व्हय, आमचे दादा पण तसंच करतात. चढाला गाडी दमायच्या आधी इंजिनाचा आवाज बदलतो, तेवढ्यावरनं गिअर टाकतात.”

मग तिनं तो जोर आकड्यात धरला. आरएसआय नावाचा हा आकडा बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. तो शून्य ते शंभरच्या मधे फिरतो. भावात दम असला की वर जातो, दम सुटला की खाली येतो. चारुताचे जुने दोनशे सौदे तपासून तनुजानं नियम बसवला. आकडा साठाच्या वर गेला की खरेदी, पंचेचाळीसच्या खाली आला की विक्री. त्यावर प्रोग्राम लिहिला. आता कॉम्प्युटरच आकडा बघायचा आणि कॉम्प्युटरच ऑर्डर टाकायचा. माणसानं सकाळी तो सुरू केला की झालं.

ते तेवीस साल होतं. अख्खा ऑगस्ट कोरडा गेला होता आणि शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. बाजार मात्र चढत होता. दिवाळीपर्यंत प्रोग्रामनं चारुतापेक्षा चांगलं काम करून दाखवलं. काकासाहेब आल्यागेल्याला हात धरून तनुजाच्या पडद्यासमोर उभं करायचे. “आमच्या तनुजानं केलं हे. मशीन आपलं आपण घेतं अन् आपलं आपण विकतं. ना राग, ना लोभ.”

‘आणि नजर कुणाची आहे त्यात?’ चारुताच्या ओठांपर्यंत यायचं. ती गिळायची. तनुजाला नवा लॅपटॉप आला, पुण्याच्या कार्यशाळेला पाठवलं, सकाळचा तो प्रश्नही आता तिलाच. सगळ्यांत झोंबायचं ते वेगळंच. पाहुण्यांसमोर तनुजा न चुकता म्हणायची, “मला सगळं मॅडमनी शिकवलं.” शाळेच्या समारंभात निवृत्त बाईंना हार घालावा तसं. त्रेचाळिसाव्या वर्षी चारुताला तो हार गळ्याला काचायचा. आपलेच डोळे काढून आपण हिच्या हातात दिले, असं तिला वाटायचं.

जानेवारीत तनुजा भावाच्या लग्नाला चार दिवस गावी गेली. रोज प्रोग्राम सुरू करायचं काम चारुताकडं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात ती एकटीच होती. तनुजाचा पडदा उघडा, त्यावर नियमांची फाइल, आणि फाइलीत साधी ओळ: विक्री, पंचेचाळीस. चारुतानं खुर्ची ओढली. पंचेचाळीस पुसून तीस लिहिलं. आता भावातला जोर पार गळेपर्यंत मशीन विकणार नव्हतं. एक-दोन शेअर हातात कुजले की काकासाहेबांना कळेल, मशीन आंधळं असतं. नुकसान थोडंच होईल, मग आपण दुरुस्त करू. तिनं फाइल बंद केली आणि बेसिनशी जाऊन दोनदा हात धुतले.

झालं भलतंच. बाजार थोडा घसरायचा आणि पुन्हा उसळायचा. पंचेचाळीसवर जे शेअर त्या छोट्या घसरणीत विकले गेले असते, ते तीसच्या नियमामुळं हातात राहिले आणि पुढं दीडपट चढले. फेब्रुवारीच्या शेवटी काकासाहेबांनी पेढे आणले. पहिला पेढा तनुजाला. “पोरी, मशीन शहाणं व्हायला लागलं की गं!”

तनुजा लाजली. “जोर टिकून आहे मार्केटमध्ये,” म्हणाली. ती काकासाहेबांनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रोग्रामात गुंतली होती. या फाइलीकडं तिनं महिनाभर पाहिलंच नव्हतं.

चारुताच्या हातातला पेढा कडू झाला. ते तीस तिचं होतं. तो नफा तिचा होता. आणि हे जगात कुणाला सांगायची सोय नव्हती. आकडा परत पंचेचाळीस करावा, असं रोज सकाळी तिच्या मनात यायचं आणि रोज ती हात आखडता घ्यायची. कारण आतून कुठंतरी ती त्या तिसाच्या प्रेमात पडली होती. बघा, चुकीचा म्हणून टाकलेला माझा आकडासुद्धा हिच्या हिशोबापेक्षा सरस निघाला!

मार्चमध्ये छोट्या कंपन्यांचे भाव गडगडले. पहिल्या दिवशी काकासाहेब हसले, दुसऱ्या दिवशी गप्प झाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मशीन झोपलं का काय? विकत का नाय ते?”

तनुजाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं प्रोग्रामाची ओळ न् ओळ तपासली. नियम वेगळ्या फाइलीत असतात आणि ते आपण स्वतः लिहिलेत, म्हणून तिथं बघायचं तिला सुचलंच नाही. शेवटी ती चारुताकडं वळली. डोळे भरले होते. “मॅडम, माझं कुठंतरी चुकलंय. तुम्हाला आलेखात काय दिसतं?”

कित्येक महिने चारुता या प्रश्नाची वाट बघत होती. पण तिला वाटला होता तसा आनंद काही झाला नाही. “सगळं विका,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.” काकासाहेबांनी विकलं. पुढच्या दोन दिवसांत भाव आणखी पडले. फेब्रुवारीची कमाई गेली, पण मूळ रक्कम वाचली. “शेवटी ताईंचीच नजर कामी आली,” काकासाहेब म्हणाले, आणि तनुजा मान खाली घालून बसली.

रविवारी सकाळी शहराच्या दक्षिणेकडच्या सातारा परिसरातल्या चारुताच्या गल्लीत टँकर आला होता. ती पाइप धरून टाकी भरत होती, तेवढ्यात तनुजा स्कूटीवरून उतरली. बाजूला उभी राहिली. मग म्हणाली, “नियमांची फाइल अठरा जानेवारीला बदललेली आहे. मी तेव्हा गावी होते.”

पाइपचं पाणी टाकीबाहेर सांडायला लागलं. तनुजानंच पुढं होऊन तो नीट धरला.

“तुम्ही केलं ना?”

“हो.”

“का?”

चारुतानं खोटं शोधलं. एकही सापडेना. “तू आल्यापासून मला कुणी काही विचारत नाही,” ती म्हणाली. एवढ्या वयाच्या बाईच्या तोंडी ते किती पोरकट वाटतं, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

“मी विचारत होते की,” तनुजा म्हणाली. “अन् दीड महिना तुमच्या आकड्याचे पेढे मी खाल्ले, त्याचं काय? मला वाटलं, माझंच डोकं चाललंय.” तिचा आवाज चिरकला. “चार रात्री झोपले नाय मी. सायबांना सांगणार नाय. पण असं परत करू नका.”

ती गेली. पुढचे पंधरा दिवस तिनं खरोखरच कुणाला सांगितलं नाही. काकासाहेब तिला टोमणे मारत, ती ऐकून घेई. चारुताला वाटलं होतं, आता तरी मनातला काटा निघेल. उलट तो खोल गेला. हुशारीत तनुजा पुढं होतीच, आता चांगुलपणातही. तिचं हे मोठेपण आपल्याला सहन होत नाही, हे कळून चुकलं तेव्हा एका सकाळी चारुता काकासाहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

काकासाहेबांच्या कानशिलावरची शीर उडत होती. “सहा वर्षं तुमच्या एका ‘हं’वर मी पैसा लावला, ताई,” ते म्हणाले. “तुम्हाला ठेवायचं का नाय, ते ही तनुजा ठरवंल. माझं डोकं ठिकाणावर नाय आज.”

तनुजानं मान वर केली. “राहू द्या मॅडमना. पण आकडा बदलायचा तर दोघींनी मिळून, वहीत लिहून, सही करून.”

चारुतानं मान डोलावली. राजीनामा पर्समध्ये तयार होता. तो तिनं काढला नाही.

त्याच आठवड्यात दोघी शेजारी-शेजारी बसल्या आणि मागच्या पाच वर्षांच्या भावांवर विक्रीचा प्रत्येक आकडा चालवून पाहिला. तीसपासून पन्नासपर्यंत, एकेक. बोलणं कामापुरतंच होत होतं. संध्याकाळी उत्तर आलं: चाळीस. ना तनुजाचा पंचेचाळीस, ना चारुताचा तीस.

“दोघी पण चुकलो,” तनुजा म्हणाली आणि कित्येक दिवसांनी हसली.

चारुतालाही हसू आलं. तिनं वहीत चाळीस लिहिलं, सही केली, वही तनुजाकडं सरकवली. बरं वाटत होतं. आणि तनुजा सही करत असतानाच चारुताच्या मनानं वजाबाकी करून टाकली. पंचेचाळीस पाचानं चुकलं होतं. तीस दहानं.