विरजणाची ओळ

अद्वैत पाटणकरनं माझी अख्खी पद्धत चोरली आणि त्यातली एक ओळ तेवढी गाळली. बरं झालं गाळली.

कन्नड मुलखात, बोम्मसंद्र्यात आमचा केमिकलचा कारखाना आहे. सॅलॉल नावाची पांढरी पूड तिथं बनते, ती औषधवाले घेतात. पूड शुद्ध आहे की नाही हे कळायला ती वितळवायची, मग हळूहळू गार करायची आणि कितीवर गोठते ते बघायचं. शुद्ध माल एकेचाळीस-बेचाळीस अंशांवर गोठतो, भेसळीचा त्याच्या खाली. ऐकायला सोपं, पण हा सॅलॉल महा हट्टी! चाळिसावर आला, तिसावर आला, पार गार पडला तरी पाण्यासारखा पातळच. दोन वर्षं मी त्याच्यापुढे डोकं फोडलं. एकदा घरी अक्का, म्हणजे माझी आई, दुधाला विरजण लावत होती ते बघताना सुचलं. चाळिसावर आला की त्याच पुडीचा एक कण आत टाकायचा. कण पडला की सगळं धरायला लागतं, पारा उलटा वर चढतो आणि एकेचाळीसच्या पुढं जाऊन थांबतो. तोच खरा आकडा. मी वहीत लिहिलं, 'चाळिसावर विरजण घालणे'. तारीख टाकली १२ मार्च १९९४ आणि खाली सही केली, सुप्रीता.

त्याच वर्षी अद्वैत पुण्याहून आमचा साहेब होऊन आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "अरे वा, मराठी! म्हणजे आपलंच माणूस." आमचं घराणं इथं तीनशे वर्षं, बोलण्यात स्वल्प कन्नड येणारच की. त्यावर हा चारचौघांत खिदळायचा. "सुप्रीता, तुमचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पोळी." मी हसून सोडून द्यायची. आपलं माणूस म्हणाला ना, म्हणून विश्वासानं वही दिली. त्यानं पद्धत इंग्रजीत टाइप केली, स्वतःच्या नावानं हेड ऑफिसला पाठवली आणि प्रमोशन घेतलं. जाब विचारायला गेले तर म्हणतो, "अहो, विरजण-बिरजण काय लिहिता? किचन आणि लॅब यातला फरक तरी कळतो का? ती ओळ मी काढूनच टाकली." पुढच्या सोमवारी माझं टेस्टिंग काढून घेतलं आणि मला काचसामान धुवायला लावलं. एमएस्सी झालेल्या बाईला!

दोन वर्षं धुतलं. तळतळाट कशाला म्हणतात ते त्या सिंकपाशी कळलं मला. आणि गंमत ऐका, ती दोन वर्षं त्याची पद्धत चालली ती माझ्यामुळे! ढवळायच्या काचेच्या काडीवर सॅलॉलचा एक कण मी मुद्दाम राहू द्यायची. माल चाळिसाकडे आला की टेस्टिंगवाले काडी नळीत घालायचे आणि विरजण आपसूक लागायचं. माल अडला असता तर प्लांटवरची तीस माणसं घरी बसली असती, म्हणून करत होते. त्या मेल्यासाठी नव्हे.

नोव्हेंबरात मुंबईच्या औषध कंपनीच्या सुखदाबाई तपासणीला येणार असं ठरलं. अद्वैत छाती काढून सांगत फिरला, "माझी मेथड, मीच करून दाखवणार." आदल्या दिवशी सिंकपाशी आला. "सुप्रीता, एवढं तरी नीट करा. काच आरशासारखी चमकली पाहिजे हं."

"सरी सर," म्हटलं. सरी म्हणजे बरं.

नळ्या ॲसिडात बुडवल्या, दहा पाण्यांनी खळबळल्या, ओव्हनमध्ये कोरड्या केल्या. काडी तर दोनदा धुतली. कण म्हणून ठेवला नाही. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. एक मात्र मनाशी ठरवलं होतं, उद्या त्यानं माझं नाव काढलं की पुढं व्हायचं. चांगलं काढतो की वाईट, ते त्याच्यावर.

सुखदाबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. खुर्ची ओढून समोर बसल्या. अद्वैतनं पूड वितळवली, थर्मामीटर लावला, तोंडानं इंग्रजी चालूच. बेचाळीस झाले, चाळीस झाले, पस्तीस झाले, आणि नळीत नुसतं पाणी. तो ढवळायला लागला. ढवळ, मी मनात म्हटलं, माझी दोन वर्षं ढवळ! तिसावर त्याची कॉलर भिजली.

"पाटणकर," बाईंनी घड्याळ बघितलं, "शुद्ध माल एव्हाना गोठला असता. लॉट नापास लिहू?"

"नाही मॅडम, माल उत्तम आहे!" त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ही आमची धुणारी बाई. हिनंच काच घाण ठेवली असणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओले हात पदराला पुसत पुढं झाले. "बाई, काच घाण नाही. फार स्वच्छ आहे, तोच घोटाळा आहे. पाच मिनिटं द्या."

अद्वैत म्हणाला, "सुप्रीता, मध्ये बोलू नका."

"तुम्ही थांबा," सुखदाबाई त्याला म्हणाल्या.

तीच नळी मी पुन्हा तापवली, गार होऊ दिली. पारा चाळिसावर आला. सॅम्पलची बाटली सकाळपासून त्याच्याच कोपराशी उभी होती. त्यातला एक कण चिमटीनं आत टाकला आणि ढवळलं. नळी दुधाळ झाली, पारा वर निघाला आणि एकेचाळीस पूर्णांक सहावर थांबला. मग पिशवीतून वही काढली आणि ती ओळ बाईंपुढे धरली.

त्यांनी तारीख वाचली, सही वाचली. अद्वैतचा टाइप केलेला कागद शेजारी ठेवून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "पाटणकर, ही तुमची पद्धत, तर ही ओळ का नाही?"

तो माझ्याकडे बघत होता, आपलं माणूस म्हणून सांभाळून घेईन असं वाटलं असेल. मी वही मिटली. वाईट वाटायला हवं होतं म्हणतात. मला नाही वाटलं.

सुखदाबाईंनी रिपोर्टवर 'तपासणारे' या शब्दासमोरचं त्याचं नाव काट मारून खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "हेड ऑफिसला मी स्वतः लिहिते," असंही म्हणाल्या. मी सावकाश सही केली.

मग ती गोठलेली नळी अद्वैतच्या हातात ठेवली.

"धुवून ठेवा सर," म्हटलं. "आरशासारखी चमकली पाहिजे हं."